सातव्या महिन्यात कळा आल्या तर काय कामाला येतं? 108, 102, सरकारी एसएनसीयू आणि बाजारातल्या वस्तूंचं परीक्षण

गरोदर बाईचे 37 आठवडे भरायच्या आत पोट आवळून यायला लागलं, अंगावरून पाणी गेलं किंवा लाल दिसलं, की महाराष्ट्रात घरच्यांसमोर साधारण चार वाटा असतात: 108 ची रुग्णवाहिका, आरोग्य केंद्राची 102 ची गाडी, नाव घातलेलं जवळचं प्रसूतिगृह आणि जिल्ह्याच्या गावचा सरकारी एसएनसीयू, म्हणजे आजारी आणि कमी दिवसांच्या नवजात बाळांचा कक्ष, ज्याला सगळे 'पेटीचा वॉर्ड' म्हणतात तो. शिवाय दूध काढायचे पंप, बाळाला छातीशी बांधायची कांगारू बॅग, इवले डायपर असा बाजार आहेच. हे परीक्षण पेशंटसाठी नसून पेशंटबरोबर धावणाऱ्यांसाठी आहे: नवरा, आई, सासू, नणंद, भाऊ. गोळ्या-इंजेक्शनं डॉक्टर ठरवतील. गाडी कुठे वळवायची, सोबत कोणते कागद घ्यायचे, काउंटरवर काय विचारायचं, हे मात्र घरच्यांनाच ठरवावं लागतं.

प्रत्येक सेवा आम्ही एकाच कसोटीवर तपासली आहे. बाळ जन्मेल त्या क्षणी आई आणि बाळाची पेटी एकाच छपराखाली असतील का? प्रसूतिगृह कितीही नावाजलेलं असो, डॉक्टरीणबाईंचा हात कितीही हलका असो, आत नवजात शिशू कक्ष नसेल तर 31 आठवड्यांच्या बाळाला त्याचा उपयोग नाही. तिथे जन्मलेलं सव्वा किलोचं बाळ मग गाडीतून दुसरीकडे हलवावं लागतं. त्या प्रवासात ते गार पडतं, साखर उतरते, श्वास थांबतो. नाजूक मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोकाही अशा हलवाहलवीत वाढतो. आई टाके घेऊन एका दवाखान्यात, बाळ दुसऱ्या गावात आणि नवरा दोन्हींच्या मध्ये, अशी विभागणी झाली की पहिल्या दोन दिवसांचं दूधही बुडतं. बाळाला हलवायला आईच्या पोटाइतकी चांगली गाडी अजून निघालेली नाही.

आधी 108. महाराष्ट्रात ही सेवा 2014 मध्ये सुरू झाली तेव्हा ताफा 937 गाड्यांचा होता: 233 एएलएस आणि 704 बीएलएस. एएलएसमध्ये व्हेंटिलेटर आणि मॉनिटर असतो. बीएलएसमध्ये ऑक्सिजन आणि प्राथमिक साधनं असतात. या सेवेची जमेची मोठी बाजू म्हणजे गाडीत डॉक्टर असतो, पैसे लागत नाहीत आणि वाटेतच बाळंतपण झालं तर नाळ बांधायची तयारी असते. फोन लागला की 'पोट दुखतंय' एवढ्यावर थांबू नका. एका दमात सांगायचं ते असं: 'गरोदर बाई, एकतीसावा आठवडा, दर आठ मिनिटांनी कळ, पाणी गेलंय, पहिली खेप.' पत्त्यासाठी शाळा, पाण्याची टाकी, ग्रामपंचायत अशी खूण सांगा आणि एक माणूस टॉर्च घेऊन फाट्यावर उभा करा. ज्या नंबरवरून फोन केला तो मोकळा ठेवा. चालक त्याच नंबरवर उलट फोन करतो आणि नेमक्या त्याच वेळी घरचे पाहुण्यांना बातमी देत बसलेले असतात.

उणी बाजू दोन. 108 ची गाडी सहसा जवळच्या सरकारी दवाखान्यात नेते. ते ग्रामीण रुग्णालय असलं तर तिथे फार तर चार खाटांचा छोटा नवजात कक्ष असतो आणि इतक्या कमी दिवसांच्या बाळासाठी तो पुरा पडत नाही. म्हणून गाडीतल्या डॉक्टरांना सुरुवातीलाच आठवडे सांगून विचारा, 'एसएनसीयू असलेल्या ठिकाणी थेट जाता येईल का?' बाईची नाडी, बीपी ठीक असेल आणि बाळंतपण तोंडावर आलेलं नसेल तर हा प्रश्न अगदी रास्त आहे. दुसरी उणीव अशी की बाळासाठीची वेगळी उबदार पेटी प्रत्येक गाडीत असतेच असं नाही. जन्मानंतर हलवायची वेळ आलीच आणि बाळ स्वतः नीट श्वास घेत असेल, तर डॉक्टरांना विचारून त्याला आईच्या किंवा आजीच्या उघड्या छातीवर, टोपी घालून, वरून गोधडी पांघरून न्यावं. गाडीचा एसी बंद ठेवायला सांगावं. दुपट्यात गुंडाळून मांडीवर धरलेलं बाळ दहा मैलांत गार होतं. गुण: पाचपैकी चार, पण प्रश्न विचारणारा नातेवाईक सोबत असेल तरच.

102 वेगळी. ही गाडी आरोग्य खात्याची. बाईला दवाखान्यात आणायची, मोठ्या दवाखान्यात न्यायची आणि नंतर आई-बाळाला घरी सोडायची तिची कामं. गाडीत बहुधा चालकच असतो. आठवडे भरलेत, कळा सुरू झाल्यात आणि दवाखाना अर्ध्या तासावर आहे, अशा बाळंतपणाला ती उत्तम. अपुऱ्या दिवसांच्या कळांना, रक्तस्रावाला किंवा झटक्यांना 102 ची वाट बघू नका. परतीच्या प्रवासाला मात्र ती आवर्जून मागा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (जेएसएसके) ती फुकट आहे आणि बरेच जण माहिती नसल्यामुळे भाड्याची जीप करतात.

घरातून निघायच्या आधी एक खात्री करायची असते, कारण सातव्या-आठव्या महिन्यात पोट अधूनमधून कडक होणं नेहमीचं आहे. लघवी करून यायला सांगा, दोन पेले पाणी द्या, डाव्या कुशीवर झोपवा आणि हाताचा तळवा बेंबीच्या वर ठेवून घड्याळ लावा. पोट दगडासारखं होऊन सैल पडतंय, हे तासाभरात चार-सहा वेळा नियमाने झालं, कंबर खालून भरून येत असली, ओटीपोटात दाब जाणवत असला, तर निघा. पाणी गेलं असेल, लाल दिसलं असेल किंवा बाळाची हालचाल कमी वाटत असेल तर हा तासही थांबू नका. पाणी गेलं की लघवी, हा घोळ नेहमीचा आहे. स्वच्छ सुती घडी लावा. ती पुन्हा पुन्हा भिजत असेल आणि लघवीचा वास नसेल तर पाणमोट फुटली असं धरून चाला. घडी सोबत न्या, रंग बघायला लागतो. आत बोट घालून तपासणं, गरम पाण्याची आंघोळ, एरंडेल, काढा यांतलं काही करू नका.

कागदांत सगळ्यांत मोलाचा कागद म्हणजे पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी. आठवडे त्यावरून सगळ्यांत अचूक निघतात. शेवटच्या महिन्यांतल्या सोनोग्राफीत दोन-तीन आठवड्यांचा फरक पडू शकतो आणि 33 आहेत की 35 यावर इंजेक्शनापासून रेफर करण्यापर्यंत सगळं अवलंबून असतं. माता-बाल संरक्षण कार्ड, रक्तगटाचा कागद, सुरू असलेल्या गोळ्यांची पाकिटं, आधार आणि रेशनकार्ड एका पिशवीत सातवा लागतानाच भरून ठेवा. जुळं असेल, आधीचं बाळंतपण लवकर झालं असेल, पिशवीच्या तोंडाला टाका घातला असेल किंवा वार खाली असेल, तर पाचव्या महिन्यातच भरा. वार खाली असेल तर त्याच रक्तगटाचे दोन दाते फोनवर तयार असलेले बरे.

आता मुख्य माल, म्हणजे सरकारी एसएनसीयू. जिल्हा रुग्णालयं, स्त्री रुग्णालयं आणि वैद्यकीय महाविद्यालयांत हा कक्ष असतो. अमरावतीचं डफरिन, नागपूरचं डागा, छत्रपती संभाजीनगरची घाटी, पुण्याचं ससून, मुंबईत सायन, केईएम, नायर. गोव्यात बांबोळीचं गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालय. साधारण 34 आठवड्यांच्या आतलं किंवा 1800 ग्रॅमच्या खालचं बाळ दाखल करून घ्यायचं, असा सरकारी निकष आहे. वॉर्मर, ऑक्सिजन, काविळीचा निळा दिवा, सलाईनचे पंप ही मूळ सामग्री. बऱ्याच ठिकाणी सीपॅपही असतो, म्हणजे नाकातून दाबाने हवा देऊन फुप्फुसं उघडी ठेवणारं यंत्र. व्हेंटिलेटर सगळीकडे नसतो. म्हणून 28 आठवड्यांच्या आसपासचं किंवा किलोच्या आतलं बाळ अपेक्षित असेल तर जिल्हा रुग्णालयापेक्षा वैद्यकीय महाविद्यालय गाठलेलं बरं.

खर्चाच्या बाबतीत या सेवेला तोड नाही. जून 2011 पासून सुरू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, आईचं जेवण आणि प्रवास मोफत आहे. आजारी बाळाला एक वर्षापर्यंत हीच सवलत आहे. पिवळं-केशरी कार्ड, उत्पन्नाचा दाखला यांची अट नाही. म्हणून बाहेरून औषध आणायची चिठ्ठी हातात आली तर भांडण न करता एवढंच विचारा: 'हे जेएसएसकेमधून मिळत नाही का? साठा नसेल तर कागदावर तसं लिहून द्याल का?' हे वाक्य बरंच काम करतं.

खटकणाऱ्या गोष्टीही सांगायला हव्यात. गर्दीच्या दिवसांत एका वॉर्मरवर दोन बाळं दिसतात आणि जंतुसंसर्गाचं मूळ तिथे असतं. सिस्टर कमी, बाळं जास्त. त्यामुळे बोलायला कुणी मोकळं नसतं आणि बाहेर बसलेल्या घरच्यांना दिवसभर काही कळत नाही. 'बाळ सिरीयस आहे' एवढ्या एका वाक्यावर रात्र काढावी लागते. यावर उपाय म्हणजे राउंडची वेळ विचारून घ्यायची, रोज एकाच माणसाने जायचं आणि रोज तेच चार प्रश्न करायचे: श्वासाला कशाचा आधार आहे, दूध किती मिली आणि किती तासांनी, आजचं वजन, नवीन काही औषध. उत्तरं वहीत लिहा. रोज वेगळा काका जाऊन तेच विचारतो तेव्हा डॉक्टरही वैतागतात आणि घरी पाच वेगवेगळ्या बातम्या पोचतात.

एक हक्क फार कमी लोक वापरतात. केंद्राने 2017 मध्ये बाळाच्या काळजीत कुटुंबाच्या सहभागाची (इंग्रजीत 'फॅमिली पार्टिसिपेटरी केअर', म्हणजे एफपीसी) मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांनुसार आई-वडिलांना किंवा घरच्या एका माणसाला हात धुणं, गाऊन घालणं, बाळ स्वच्छ करणं, दूध पाजणं आणि कांगारू पद्धत (बाळाला उघड्या छातीशी धरणं) शिकवून आत घ्यायचं असतं. 'आम्हाला एफपीसीचं शिकवा' असं सिस्टरना सांगा. बाबांनाही आत जाता येतं. जो कक्ष आईला दिवसातून फक्त दोनदा काचेतून बघू देतो, त्याचे आम्ही एक गुण कापतो, मग तो सरकारी असो की पंचतारांकित.

बाळंतपणाआधीच्या उपचारांत घरच्यांनी नावानिशी माहीत करून घ्यावं असं एक इंजेक्शन आहे: डेक्सामेथासोन. 24 ते 34 आठवड्यांत बाळंतपण होण्याची शक्यता असेल तर 6 मिलिग्रॅम, दर 12 तासांनी, चार डोस, आईच्या दंडात किंवा कुल्ल्यावर. (काही ठिकाणी त्याऐवजी बीटामेथासोन 12 मिलिग्रॅम, 24 तासांच्या अंतराने दोनदा देतात.) या औषधाने बाळाच्या फुप्फुसात सर्फॅक्टंट लवकर तयार होतं. सर्फॅक्टंट म्हणजे हवेचे इवले फुगे चिकटून बसू नयेत म्हणून लागणारा द्रव. मेंदूतला रक्तस्राव आणि आतड्यांचा त्रासही कमी होतो. पूर्ण फायदा पहिल्या डोसनंतर 24 तासांनी दिसू लागतो आणि साधारण सात दिवस टिकतो. अर्धवट कोर्सचाही उपयोग होतो. औषध अगदी स्वस्त आहे आणि 2014 च्या केंद्रीय सूचनांनुसार उपकेंद्रातली एएनएम, म्हणजे नर्सबाईसुद्धा मोठ्या दवाखान्यात पाठवण्याआधी पहिला डोस देऊ शकते. तेव्हा रेफर चिठ्ठी हातात पडली की विचारा: 'फुप्फुसाचं इंजेक्शन दिलं का? किती वाजता? चिठ्ठीवर लिहिलंय का?' वेळ लिहिलेली नसली की पुढच्या दवाखान्यात एक तर डोस दुबार होतो किंवा राहून जातो. बाईला मधुमेह असेल तर या इंजेक्शनाने साखर चढते. ते आधी सांगा, म्हणजे दोन-तीन दिवस साखर जास्त वेळा तपासतील.

कळा थांबवायच्या गोळीकडून, म्हणजे बहुतेक वेळा निफेडिपिनकडून, घरच्यांची अपेक्षा भलतीच असते. ती बाळंतपण महिनाभर पुढे ढकलत नाही. तिचं काम 48 तास मिळवून देणं, म्हणजे इंजेक्शनाचे डोस पूर्ण व्हावेत आणि बाईला योग्य ठिकाणी हलवता यावं. ती घेतल्यावर डोकं दुखतं, चेहरा लाल होतो, बीपी उतरतं. म्हणून एकदम उठून बाथरूमला जाऊ देऊ नका. जंतुसंसर्ग किंवा जास्त रक्तस्राव असेल तर डॉक्टर ही गोळी मुद्दाम टाळतात, कारण तेव्हा बाळ आत राहणंच धोक्याचं असतं. 32 आठवड्यांच्या आत असेल तर बाळाच्या मेंदूच्या रक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेट देतात. ते जाताना बाईला अंगभर भट्टी पेटल्यासारखी उष्णता जाणवते. हे आधी सांगितलं नसलं तर ती घाबरते. आणि महिनाभर पलंगावरून हलायचं नाही, ही सक्ती जितकी प्रचलित आहे तितका तिचा फायदा सिद्ध झालेला नाही. उलट पायांत रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती वाढते. बेतानं फिरणं, जड न उचलणं, हे डॉक्टरांशी बोलून ठरवा.

'सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही' ही म्हण अजून वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर ऐकू येते आणि तिच्यापायी काही घरं 'आत्ताच होऊन जाऊ दे' म्हणतात. सरळ खोटं आहे. पोटातला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या बाजूचा असतो.

खाजगी एनआयसीयूचं, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता कक्षाचं, एकच एक परीक्षण करता येत नाही, फरक जमीन-अस्मानाचा आहे. पाटीवर 'लेव्हल 3' लिहिलेलं असतं. ते नॅशनल निओनेटॉलॉजी फोरमच्या मान्यतेचं आहे का, हे विचारा. रात्री दोन वाजता आत कोण असतं, नवजात तज्ज्ञ की फोनवर उपलब्ध असलेले डॉक्टर? एका सिस्टरकडे व्हेंटिलेटरवरची किती बाळं? सर्फॅक्टंट जागेवर आहे की मागवावं लागतं? डोळ्यांचे डॉक्टर कक्षात येऊन तपासतात का? दिवसाच्या दरात काय धरलंय आणि काय नाही (व्हेंटिलेटर, सर्फॅक्टंट, रक्त, तज्ज्ञांची भेट यांची वेगळी बिलं लागतात का), हे कागदावर घ्या. कमी दिवसांचं बाळ अनेकदा आठवडेच्या आठवडे आत राहतं, तेव्हा एका दिवसाचा आकडा बघून पाऊल टाकू नका. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत नवजात बाळांचे उपचार आहेत. दवाखाना योजनेत असेल तर दाखल होतानाच आरोग्यमित्राला (योजनेच्या तिथल्या माणसाला) रेशनकार्ड दाखवा, बिल झाल्यावर नाही. कंपनीच्या गटविम्यात बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण असू शकतं. वैयक्तिक पॉलिसीत बहुधा 90 दिवस थांबावं लागतं. पॉलिसी आत्ता, सातव्या महिन्यातच वाचून ठेवा. बाळाची नोंद 'बेबी ऑफ' आणि आईचं नाव अशी होते. विम्यातली आणि आधारवरची स्पेलिंगं जुळतात का, ते बघा.

दुधाच्या पेढीला आमच्याकडून पूर्ण गुण. आशियातली पहिली पेढी 1989 मध्ये मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आता राज्यात इतरही मोठ्या रुग्णालयांत पेढ्या आहेत. दात्या आयांची रक्ततपासणी होते, दूध 62.5 अंशांवर 30 मिनिटं तापवून जंतुमुक्त करतात आणि गोठवून ठेवतात. हे दूध विकत मिळत नाही. दाखल असलेल्या बाळाला डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतं. पण ते आईचं दूध उतरेपर्यंतचा आधार आहे, हे विसरू नका. कमी दिवसांच्या बाळाच्या आतड्यांना डब्याचं दूध सगळ्यांत कमी सोसतं, म्हणून 'पावडर चालेल का' हा प्रश्न शेवटी यावा.

आणि आईचं दूध काढायला मदत करणं हे बाळंतिणीच्या सोबत्याचं सगळ्यांत मोठं काम. बाळ पेटीत असलं तरी जन्मानंतर तासाभरात, निदान सहा तासांच्या आत, पहिलं चीक काढायला घ्यावं. मग दिवस-रात्र मिळून आठ ते दहा वेळा, रात्री एकदा तरी नक्की. पहिल्या दिवशी निघतात ते काही थेंबच. ते हाताने काढून थेट एक मिलीच्या सिरिंजमध्ये घ्यायचे. पंप लावला तर चीक नळीला चिकटूनच संपतं. म्हणून पहिले दोन-तीन दिवस पंप विकत घेऊ नका. हात असा: अंगठा वर, दोन बोटं खाली, काळ्या भागाच्या कडेपासून जरा मागे, आधी छातीकडे दाब, मग बोटं एकमेकांकडे, मग सैल. बोटं कातडीवर घासायची नाहीत. बाळंतिणीने मागून पाठ चोळून घेतली आणि बाळाचं टोपडं जवळ ठेवलं तर दूध लवकर उतरतं. बाळ बरेच दिवस आत राहणार असेल आणि आई दूर राहणार असेल, तर विजेवरचा दुहेरी पंप भाड्याने घेणं परवडतं. हाताने दाबायचे स्वस्त पंप मनगट दुखवतात आणि रबरी फुग्याचे तर घेऊच नका, फुगा आतून धुता येत नाही. डब्यावर नाव, तारीख, वेळ. फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवायचं, दारात नाही. 24 तासांत वापरायचं. नेताना बर्फाच्या डब्यातून.

बाळाला मिळणारं दूध बघून घरचे हबकतात: 'एवढंसंच?' दीड किलोच्या बाळाचं पूर्ण दूध दिवसाला साधारण 225 मिली, म्हणजे दर दोन तासांनी 19 मिली. तिथपर्यंत पोचायलाही दिवस लागतात, सुरुवात एक-दोन मिलीपासून. साधारण 32 आठवड्यांआधी नळीने, 32 ते 34 मध्ये वाटी-चमचा किंवा बोंडल्याने, त्यापुढे अंगावर. घरातलं जुनं चांदीचं बोंडलं आणायला हरकत नाही, पण त्याची चोच उकळून आत ब्रश जातो का, ते बघा. नाहीतर स्टीलचं साधं बोंडलं सरस. पहिल्या आठवड्यात वजन जन्मवजनाच्या दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत उतरतं आणि दोन आठवड्यांत भरून येतं. त्यावरून 'बाईला दूधच नाही' असं म्हणू नका, तेवढ्या वाक्यानेही तिचं दूध आटतं.

कांगारू बॅग ही बाजारातली सगळ्यांत अनावश्यक वस्तू, आणि कांगारू पद्धत ही सगळ्यांत आवश्यक गोष्ट. कोलंबियात बोगोटा शहरात 1978 मध्ये ही पद्धत सुरू झाली, पेट्या कमी आणि बाळं जास्त होती म्हणून. 2021 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं, जन्मल्यापासून लगेच उराशी धरलेल्या बाळांतले मृत्यू चौथाईने कमी झाले. मऊ सुती साडीचा किंवा धोतराचा दोन मीटरचा तुकडा पुरे. बाळाला फक्त लंगोट, टोपी, मोजे. दोन स्तनांच्या मध्ये उभं, पाय बेडकासारखे, मान एका बाजूला आणि किंचित वर, कापडाची वरची कड कानाच्या खाली. मान छातीत घुसली तर श्वास कोंडतो, ही एकच चूक खरी घातक. तयार बॅगेत बाळ सरकून खाली बसतं तेव्हा नेमकं हेच होतं. एकदा धरलं की निदान तासभर, होता होईल तितके तास, जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार दिवसाला 8 ते 24. आई थकली की बाबा, मावशी, आजी. अंगाला अत्तर, पावडर आणि तंबाखूचा वास नको.

इवले डायपर बाहेरगावी प्रवासाला ठीक, एरवी धुतलेले सुती लंगोट पुरतात. डिजिटल थर्मामीटर घ्याच: काखेत 36.5 ते 37.5. हात-पाय गार आणि पोट गरम म्हणजे बाळ गारठायला लागलंय, लगेच उराशी घ्या. घरी आणल्यावर शेक-शेगडी आणि धुरी नाही, नाका-कानात तेल नाही, मध, गुटी, ग्राइपवॉटर, पाणी काहीच नाही. आंघोळ डॉक्टर सांगतील तेव्हा, तोवर ओल्या कापडाने पुसणं. आशाताई घरी येतील. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च'ने घरच्या घरी नवजात काळजीचं काम उभं केलं, देशभरच्या या गृहभेटींची मुळं तिथे आहेत. बाळ दूध ओढेनासं झालं, श्वास जोरात चालला, मध्येच थांबला, निळसर दिसलं, तर भेटीची वाट बघायची नाही. परत 108.

नोकरी करणाऱ्या आईसाठी एक कलम: मातृत्व लाभाच्या कायद्याखाली अपुऱ्या दिवसांच्या बाळंतपणामुळे आजारपण आलं तर नेहमीच्या 26 आठवड्यांशिवाय आणखी एक महिन्यापर्यंत पगारी रजा मिळते. डॉक्टरांच्या दाखल्यावर 'प्रीमॅच्युअर बर्थ' हे शब्द आणि जन्माचे आठवडे असू द्या.

डोळे तपासण्याची तारीख ही डिस्चार्ज कार्डावरची सगळ्यांत दुर्लक्षित ओळ. 34 आठवड्यांआधी किंवा दोन किलोच्या आत जन्मलेल्या बाळाच्या पडद्यावर चुकीच्या रक्तवाहिन्या वाढू शकतात. बाहेरून डोळा अगदी छान दिसतो. वेळेत लेसर किंवा इंजेक्शन मिळालं तर नजर वाचते, उशीर झाला तर जाते. पहिली तपासणी जन्मानंतर चार आठवड्यांच्या आत, 28 आठवड्यांआधीच्या किंवा 1200 ग्रॅमखालच्या बाळाची दोन ते तीन आठवड्यांत. पहिली तपासणी ठीक निघाली तरी पुढची असते, डॉक्टर 'आता येऊ नका' म्हणेपर्यंत. कानांची तपासणीही त्याच सुमारास करून घ्या. बाळ 20 व्या दिवशी घरी जात असेल तर तारीख, दवाखाना आणि खोलीचा नंबर कार्डावर लिहून घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नका.